तुमच्या भावाचा डब्यातला आवाज

तीर्थरूप वन्संना किन्शासाच्या मातोंगेहून तुमच्या भावजयीचा, बोलुम्बुचा, वाकून नमस्कार. (खरोखर वाकले. वाकल्यावर कंबर धरली ती अजून सुटलेली नाही, तेव्हा हा नमस्कार जपून ठेवा, दुसरा लवकर मिळायचा नाही.) गुडघा कसा आहे? कोंबड्या, जावई आणि बाकीची दुखणी ठीक ना? बार्जवरून पाठवलेले धुरातले मासे पोचले. सगळे पोचले नाहीत, पण मासे घेऊन येणारी न्सोंगोबाई अंगाने भरलेली दिसली, त्यावरून उरलेलेही सुखरूप असावेत. हे पत्र तिच्याच हाती देते आहे, कारण पत्र खाता येत नाही. फोन का केला नाही म्हणाल, तर तुमचे भाऊ. आवाज गेल्यापासून यांचे कान असे तिखट झालेत, की मी कांद्याशी पुटपुटले तरी यांना ऐकू जातं.

तर मुद्दा असा, की घरात एक निवाडा अडलाय आणि तो तुम्हीच करायचा आहे. समोरच्या जुन्या कंटेनरच्या लोखंडी खोक्यात गाणी रेकॉर्ड करायचा धंदा करते ती मायाला आठवते ना? पाववाल्या एम्पेंगोची मुलगी, लहानपणी आमच्या आंब्यावर दगड मारायची ती. तिने तुमच्या भावाची जुनी गाणी संगणकाला पाजली, आणि आता तो डबा यांच्या तरुणपणच्या आवाजात गातो. सांगाल ते गातो. पोर सरळ आहे, विचारल्याशिवाय पुढे जाणार नाही. म्हणते, पापा एकोफो, हा आवाज ठेवू की पुसून टाकू? यावर उत्तर आलं, ताईला विचारा. (कसं आलं ते पुढे सांगते.) तुमच्या घराण्यात थोरल्या बहिणीचा शब्द म्हणजे शेवटचा, केस पिकले तरी यांची ती भीती गेलेली नाही. म्हणून सगळी हकीकत तुमच्यापुढे मांडते. मी कोणाचीच बाजू घेणार नाही. डबा वाईट आहे, एवढंच सांगते.

घशाचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर यांना स्पष्ट म्हणाले होते, जी काही खरखर उरली आहे ती रोज वापरा, नाहीतर तीही जाईल. पण ऐकतील तर तुमचे भाऊ कसले! ज्या आवाजावर अर्ध्या किन्शासाची लग्नं जुळली, तो लोकांपुढे खरखरणार कसा? मागच्या खोलीत जाऊन बसले ते बसलेच. हवं-नको सगळं मगवर चमचा वाजवून. पाण्याला एक ताल, चहाला दुसरा, आणि पोंडूत मीठ कमी पडलं की अख्खं गाणं वाजायचं, मधल्या गिटारीसकट. मी रडले, भांडले, पाद्रीबुवांना आणलं (ते क्वांगा आणि मासे खाऊन, आशीर्वाद देऊन गेले). माणूस हूं की चूं करायला तयार नाही. मला गाणं नको होतं हो, वन्सं. 'मीठ कमी आहे' एवढंच यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

त्यात हा डबा आला. लिबांगा, म्हणजे गाण्यात खडा टाकणं, तुम्हाला मी काय सांगणार? पैसे देणाऱ्याचं नाव गाण्याच्या मध्यात घ्यायचं आणि दोन शब्द कौतुकाचे जोडायचे. हे मातोंगेतला कोणीही करतो. पण यांचा खडा नेमका लागायचा. टायरवाल्या लोक्वाला बाकीचे 'सिंह' म्हणाले, यांनी 'अडलेल्या गाडीचा मामा' म्हटलं, आणि एवढा आडदांड माणूस भर हॉलमध्ये हुंदके देऊन रडला. कोणाचं नाव कोणाच्या शेजारी घ्यायचं नाही, हेही यांना तोंडपाठ. डब्याला त्यातलं काय कळतंय? डबा नाही म्हणत नाही आणि श्वासही घेत नाही. बोकुंगुच्या मुलीच्या लग्नात त्याने बोकुंगुच्या दोन्ही बायकांची नावं एकाच ओळीत घेतली, आणि तीही धाकटीचं आधी. थोरली उठली. शिजत्या भांड्यांसकट रिक्षात बसली आणि माहेरी गेली. आम्ही वऱ्हाडी मंडळी पाव आणि शेंगदाणे खाऊन परत आलो. (शेंगदाणे खवट होते.) आणि लोक खुळे, तरी मायालाच्या दाराशी रांग! यांचा आवाज, तोही तरुण, आणि कोणालाही नकार नाही.

हे आत बसून सगळं ऐकत होते. पहिल्या दिवशी स्वतःचा जुना आवाज ऐकून चमच्याने ताल धरला. मला वाटलं, चला, माणूस खुलला. पण दोन-चार दिवसांत चमचाही बंद झाला. पाणी हवं असलं तरी तो मग नुसता हातात धरून बसायचे. आपण गेलो तरी चालेल, आपला आवाज बाहेर मजेत आहे, असं काहीतरी या माणसाने मनाशी धरलं होतं. मी मायालाला नाही नाही ते बोलले. ती बिचारी ओशाळली आणि माझी समजूत काढायला तिने मला एक भेट द्यायचं ठरवलं.

तुम्हाला ठाऊक आहे, यांनी जन्मभर अख्ख्या गावाची नावं गाण्यात घेतली, माझं कधी घेतलं नाही. घरच्यांचं नाव फुकट घेतलं की बाजार बसतो म्हणे. मीही थोडं टोमणे मारण्याइतपतच मनाला लावून घेतलं. तर रविवारी चर्चहून आल्यावर मायालाने अंगणात स्पीकर मांडला. आळी जमली. मी तुमचेच मासे निवडत होते, हातभर वास. आणि यांचा तो आवाज, वन्सं, मी ज्याच्यामागे इकेलेम्बा नदी सोडून आले तो, स्पीकरमधून गायला लागला: बोलुम्बु, सात बंगल्यांची मालकीण! हिऱ्यांची राणी! विमानातून उतरली की पॅरिस थबकतं! (डब्याला मोठ्या लोकांचंच कौतुक पाठ, त्याने तेच माझ्या गळ्यात घातलं.) आळी हसून लोळायला लागली. मीही हसले, पण डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसायला माशाचे हात. त्यामुळे आणखी आलं.

तेवढ्यात मागचं दार भिंतीवर आदळलं. तुमचे भाऊ बनियनवर बाहेर आले आणि चमचा स्पीकरवर आपटला. मायालाने गाणं बंद केलं. आणि मग, वन्सं, खरखरले. तव्याखालची काजळी खरवडल्यासारखा आवाज, दर शब्दाला दम. म्हणाले, "हिरे कसले? कोणाचा खडा कोणाला मारताय? हिचं कौतुक असं करतात का?" मग माझ्याकडे न बघता, भिंतीकडे तोंड करून बोलत राहिले. "बोलुम्बु. भात करपवते आणि दोष कोळशाला देते. बोलुम्बु. इस्पितळाच्या बाकावर बसल्या बसल्या झोपली, पण माझा हात सोडला नाही." पुढचं त्यांना जमलं नाही. अंगणात कोणी हसलं नाही. मीच काय ती म्हणाले, कोळसा ओला होता.

त्या दिवसापासून हे बोलताहेत. सकाळपासून बोलताहेत. डॉक्टर खूश आहेत, त्यांना काय, ते दिवसभर ऐकत नाहीत. आणि मायालाने आवाजाचं विचारलं तेव्हा यांनी त्याच खरखरीत गळ्याने तुमचं नाव सांगितलं. तेव्हा तुम्हीच बघा. डब्याला माणसांची पारख नाही, त्याने एक संसार मोडला, वऱ्हाड उपाशी ठेवलं आणि तुमच्या भावाला माझ्यापासून जवळजवळ नेलंच होतं. योग्य तो निवाडा कळवावा. जावयाला आशीर्वाद, कोंबड्यांना दाणे.

तुमची,
बोलुम्बु

ता. क. वर काहीही लिहिलं असलं तरी उत्तर 'ठेवा' असंच पाठवा. एकदा 'पुसा' म्हणालात तर तुमचा शब्द या घरात कोणी मोडायचं नाही, म्हणून आधीच हात जोडते. हे न्हाव्याकडे गेले की मी हळूच मायालाच्या खोक्यात जाऊन बसते. सात बंगले खोटे, हिरे खोटे, पण आवाज यांचाच आहे हो. यांना सांगू नका.

ता. क. दुसरा. आता सांगितलंत तरी चालेल. आज हे न्हाव्याकडून लवकर परतले आणि माझ्या मागे येऊन उभे राहिले. गाणं संपेपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "बरा गायचो मी." मी म्हटलं, "बरे गायचात, पण पैसे घेतल्याशिवाय नाव घेत नव्हतात." यावर यांनी गुपचूप हात पुढे केला. माझ्या पदराला तळलेलं केळं बांधलेलं होतं, तेच हातावर ठेवलं. यांनी ते खाल्लं, घसा साफ केला (याला फार वेळ लागतो, मायाला तेवढ्यात चहा घेऊन आली), आणि माझं नाव घेतलं. केळं थोडं करपलं होतं. कोळसा ओला होता.