खिळ्याची खाच

दि. ९ जानेवारी

चि. भिंगरी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र लिहिणार मी, तुझ्या वडिलांचे वडील. वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. शिक्षण इयत्ता चौथी, उत्तीर्ण. धंदा सुतारकाम, सलग एक्केचाळीस वर्षे. गल्लीत ‘मिस्त्री’ या नावाने परिचित. पूर्ण शुद्धीत लिहितो की, तुझ्या दोन कवळ्या एकाच आठवड्यात परत आल्या व म्हणून तू कवळ्यांच्या कारखान्यातील नोकरी सोडून घरी येणार, असे सूनबाईकडून समजले.

मी केलेला पहिला दरवाजा बंदच होईना. उस्तादांनी तो माझ्या पाठीवर देऊन भर बाजारातून घरी न्यायला लावला. पुढे महिनाभर मी तो रोज उतरवत असे, रंधा मारून पुन्हा बसवत असे. तुझी चूक निदान खिशात मावते. ती का झाली हे कळेपर्यंत घरी येऊ नये.

माझी प्रकृती ठीक. दात नसल्याचा सूनबाई उगाच बोभाटा करते. चारचौघांत बोलणे मी सोडले आहे, ते केवळ मौन आवडते म्हणून.

कळावे. माया आहेच, तिला तडा जाऊ देऊ नये.
तुझा आबा

दि. २ मार्च

ती. आबांना सा. न. वि. वि.

राहिले हो, राहिले! चूक सापडली. मेण पुरतं निवायच्या आधीच मी साचा उचलत होते. आता सगळ्यांच्या आधी येते आणि भिंग लावून एकेक दात बसवते. मालकीणबाई म्हणतात, हात बसतोय. पण कायम व्हायचं तर परीक्षा आहे. जिवंत माणसाला पूर्ण कवळी करायची, बाहेरचे डॉक्टर तपासणार. नापास झाले तर त्याच दिवशी निरोप.

बरोबरीच्या मुलीनं स्वतःच्या सासूला पटवलंय. मला तुमचं तोंड हवंय. आई म्हणते, परीक्षा सोपी, आबांचं तोंड उघडवणं अवघड. आणि मौनाचं म्हणाल, तर शेजारच्यांकडे सगळे हसत असताना तुम्ही तोंडावर रुमाल धरून बसला होतात, ते मी पाहिलंय.

उत्तर लगेच द्या. आणि माझे लाड कमी करू नका.
तुमची भिंगरी

दि. १८ मार्च

चि. भिंगरी हिस आशीर्वाद.

रुमालाविषयीचा मजकूर अनावश्यक होता. तोंड देण्यास संमती आहे. अट एकच : दात सरळ, पांढरे व इभ्रतदार असावेत.

जेवणाची हेळसांड करू नये. जीव लागून राहतो.
आबा

दि. ६ मे

ती. आबांना सा. न. वि. वि.

तुम्ही चार खेपा केल्यात, एकदाही कुरकुर केली नाहीत. पहिल्या कवळीत ‘स’ म्हणताना शिट्टी वाजायची, तेव्हा तुम्ही आईला सूनबाई म्हणायचं सोडून ‘ही’ म्हणायला लागलात. आपलं काय चुकलं म्हणून आई दोन दिवस घाबरून होती! खालची कवळी मी पाच वेळा मोडून केली.

आता कबुली देते. वरच्या पुढच्या दाताला मी बारीक खाच ठेवली आहे. तुम्ही दातांत खिळे धरून काम करायचात, त्यानं झिजून पडलेली खाच लहानपणी तुमच्या मांडीवर बसून मी रोज पाहिली आहे. सरळ दात मेणावर लावून पाहिले, तर दुसऱ्याच कोणाचे आजोबा दिसायला लागले. मालकीणबाई म्हणतात, परीक्षक याला टवका समजून नापास करतील. तुम्ही सांगा, म्हणजे भरून टाकते.

रागावलात तरी आपली म्हणूनच रागवा.
तुमची भिंगरी

दि. २१ मे

चि. भिंगरी हिस अनेक आशीर्वाद.

राग आला, म्हणून तुझ्या पत्राला मी उत्तरच दिले नाही. खाच भरण्यास तोंडीच सांगावे, असे ठरवून मी परीक्षेस आलो होतो. परंतु कवळी तोंडात बसली आणि जीभ आपणहून त्या खाचेशी गेली. मग मला सांगणे जमले नाही. तुला दाराबाहेर उभे केले होते, म्हणून आत घडले ते लिहितो.

डॉक्टरांनी दात टवकलेला असल्याचा शेरा लिहिला. मी म्हणालो, टवकलेला नाही, तो माझा आहे. त्यांना ते पटेना. माझ्या खिशात सवयीने एखादा खिळा असतोच. तो मी खाचेत धरला व त्यांच्या टेबलाचा डुगडुगणारा पाय कसा दुरुस्त करावा, हे त्यांना सविस्तर सांगितले. खिळा पडला नाही. कवळी तसूभर हलली नाही. डॉक्टरांनी शेरा खोडला आणि पाय पुन्हा एकदा समजावून सांगण्यास विनवले.

तू कायम झालीस ती माझ्या बोलण्याने नव्हे. पाच वेळा मोडलेस, त्याने झालीस.

त्या वेळी हजर असलेले साक्षीदार : परीक्षक डॉक्टर, तुझ्या मालकीणबाई, आणि सूनबाई, जिच्यासमोर मी दोन्ही हात खाली ठेवून हसलो.