आप्पांची फरशी

नाशिक,
मार्गशीर्ष वद्य षष्ठी

प्रिय मथुरा,

अनेक आशीर्वाद. माझं पत्र पाहून घाबरू नकोस, इकडे सगळे ठणठणीत आहेत. तुझे आप्पा ठणठणीत, बैल ठणठणीत, आणि शेवंती तर अशी फुलली आहे की तोडून तोडून बोटं पिवळी झाली आहेत. माझे गुडघे तेवढे सोलवटले आहेत, पण त्याचं कारण ऐकलंस तर पोट धरून हसशील. सध्या ते जरा जपूनच धर. अक्षर वाकडंतिकडं आलं असेल तर बोल शिकवणारीला लाव; चुलीपुढे पाटी घेऊन माझ्याकडून मुळाक्षरं तूच गिरवून घेतली होतीस. पत्र मात्र एकटी असशील तेव्हाच वाच.

मागच्या महिन्यात भागीआत्या नांदगावला तुला भेटून आल्या आणि ओसरीवर बसून त्यांनी आप्पांना तुझा निरोप दिला. पहिलं बाळंतपण सासरीच होईल, माहेरी यायला जमायचं नाही, कारण मळ्यातल्या घराच्या अंगणात बारा महिने चिखल, पहिलटकरणीचा पाय घसरला तर काय घ्या! पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं ही रीत, आणि तू त्यांची एकुलती एक लेक. मला वाटलं, आज हे जेवणार नाहीत. तर उठले, अंगणात जाऊन उकिडवे बसले, बोटाने चिखल उकरून पाहिला आणि म्हणाले, "खरं हाय पोरीचं. चिखल तर हायेच." त्यात खोटंही काही नव्हतं म्हणा. मोटेचा पाट अंगणाच्या कडेने जातो, फुलांच्या पाट्या आपण तिथेच धुतो, आणि दिवाळीत तुझ्या सासूबाईंची नवी वहाण अशी रुतली होती की ती उपसायला आपल्या केरूगड्याला बोलवावं लागलं होतं.

लगेच आप्पा खाणीवर जाऊन काळ्या दगडाच्या फरश्या ठरवून आले. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग! महेबूब गवंडी तुला आठवत असेल, तुझ्या लग्नात मोठ्या चुली त्यानेच रचून दिल्या होत्या. तो म्हणाला, चुन्यात बसवू, आपल्या हातातला माल आहे. पण आप्पांनी स्टेशनाकडच्या एका बंगल्यात सिमेंटचं काम पाहिलं होतं. आपली मथुरा येणार तर सिमेंटच पाहिजे, असा हट्ट धरून बसले. महेबूबने फरश्या अशा एकसारख्या बसवल्या की वाटी ठेवली तर हलायची नाही. सांधे तेवढे भरायचे राहिले आणि ईद आली. जाताना तो बजावून गेला, "ईद झाली की येतो, भाऊ. एकेक सांधा थापीनं भरावा लागतो. तोवर हात लावू नका हां."

हात न लावता बसतील तर ते तुझे आप्पा कसले! ईदच्या दिवशी महेबूबच्या आईने, जैतुनबींनी, शिरखुर्म्याचा डबा भरून पाठवला. तो खाऊन यांना हुरूप चढला. तुला सातवा लागलेला, पौष लागायच्या आत घरी आणायची, मग गवंड्याची वाट किती बघायची? मी फुलं घेऊन बाजारात गेले होते. यांनी उरलेलं सिमेंट घमेल्यात पातळ कालवलं, अंगणाच्या उंच कोपऱ्यातून सोडलं आणि फावडं घेऊन उभे राहिले. जन्मभर वाफ्यांना पाणी दिलेला माणूस! इकडचं तोंड बांधायचं, तिकडचं मोकळं करायचं, पाणी आपलं आपण खाली पोचतं. तसंच सिमेंटही पोचलं. सांध्यांत गेलं, आणि जाता जाता एकूण एक फरशीवरून गेलं. मी परत आले तेव्हा सगळं अंगण पिठलं उतू गेलेल्या चुलीसारखं दिसत होतं आणि हे कमरेवर हात ठेवून म्हणाले, "बघ, एका दमात सगळे सांधे भरले. वाळलं की काळं दिसंल."

वाळलं, आणि पांढरंफटक दिसायला लागलं. वर जागोजाग खडबडीत खपल्या. अनवाणी चाललं की तळवे सोलायचे. महेबूब ईद करून आला, फाटकातच थबकला, कपाळावर हात मारला आणि मग हसत हसत खालीच बसला. "भाऊ, ही फरशी हाय का शेवंतीचा वाफा?" मलाही हसू आवरेना. आप्पा मात्र दुपारी जेवले नाहीत. करायला गेले गणपती, झाला मारुती. संध्याकाळी मला हळूच म्हणाले, "चिखलात घसरली असती, आता हिच्यात ठेचाळंल. काय दाखवायचं विहीणबाईंना?" तेव्हा मात्र माझं हसणं थांबलं. इतका हिरमुसलेला चेहरा मी त्यांचा तू सासरी निघालीस त्या दिवशीच पाहिला होता.

मग उपाय सुरू झाले. रावजी सोनार म्हणाला, दागिने साफ करायचं तेजाब ओता, डाग क्षणात उडतील. मी म्हटलं, डागांबरोबर माझी शेवंतीही उडेल, आणि ज्या अंगणात लेकरू रांगायचं तिथे तेजाबाचा थेंब नको. आप्पांना वाटलं, आंबटच हवं ना, मग ताक काय वाईट? रांजणभर ताक ओतलं. डाग जिथल्या तिथे, पण आजूबाजूची मांजरं दोन्ही वेळा पंगतीला यायला लागली, आणि मागोमाग मुंग्या. शेवटी मी पदर खोचला आणि यांना सांगितलं, आता तुम्ही फक्त पाणी वाहायचं.

जैतुनबी मदतीला आल्या. त्यांचा सगळा जन्म गवंड्याच्या घरात गेलेला, त्यामुळे नवऱ्याच्या आणि मुलाच्या कामावरचे चुन्याचे ओघळ त्यांनी पुष्कळ काढले आहेत. सिमेंट त्यांनाही नवीनच, पण म्हणाल्या, चुन्याचाच भाऊ दिसतोय, करून बघू. आधी लाकडी पाचरीने खपल्या उडवायच्या, लोखंड लावायचं नाही, दगडाला ओरखडे पडतात. मग फरशीला पोटभर पाणी पाजायचं. कोरड्या दगडावर आंबट ओतलं तर दगडच ते पिऊन टाकतो, डागाला काही मिळत नाही. मग चिंचेचा दाट कोळ ओतायचा, वर ओलं गोणपाट टाकायचं आणि आपण खुशाल स्वयंपाकाला जायचं. परत येऊन गुडघे टेकून विटेच्या तुकड्याने गोल गोल घासायचं आणि भरपूर पाण्याने धुऊन काढायचं. एका खेपेत काही होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला पांढऱ्यातून काळा दगड डोकावायला लागला तेव्हा आम्ही दोघी बायका ओरडलोच. आप्पा कळशी टाकून धावत आले, त्यांना वाटलं विंचू निघाला. तुझे आप्पा माझ्या हुकमात पाणी वाहताहेत, हे बघायला तरी तू इथे हवी होतीस. आता अंगण असं लख्ख झालंय की आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला वहाणा बाहेर काढायला लावतात. तुळशीजवळची एक फरशी काही केल्या निघेना. तिच्यावर मी फुलांच्या पाट्या ठेवते.

घासताना हात कामात असतात आणि मन मोकळं फिरतं. माझं तुझ्याकडेच जायचं. मी या घरात आले तेव्हा तू परकर-पोलक्यातली होतीस. तुला सांगितलं होतं, हिला मावशी म्हण, आणि तू मुकाट्याने म्हणालीस. कधी उलट बोलली नाहीस, कधी हट्ट केला नाहीस. शेजारणी म्हणायच्या, नशीब काढलंस बाई, किती गुणाची पोर! मला मात्र वाटायचं, सख्ख्या मुली आयांशी किती भांडतात. एकदाच तू माझ्यावर ओरडलीस. देवळीतली तुझ्या आईची कुंकवाची डबी मी पुसायला उचलली तेव्हा. "ठेव तिथं!" म्हणालीस आणि रडत मळ्यात पळालीस. मी डबी ठेवली, आणि खरं सांगते, त्या दिवशी मला फार बरं वाटलं. परक्या माणसावर कोणी असं ओरडत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. भागीआत्यांनी ओसरीवर दिला तो निरोप अर्धाच होता. उरलेला अर्धा त्यांनी चुलीपाशी येऊन मला सांगितला. पहिलटकरीण सावत्र आईच्या हाती द्यायची नाही, असं तिकडे ठरलं आहे. हे तुझं म्हणणं की सासूबाईंचं, ते मी विचारत नाही. पण महेबूबने पहिली फरशी बसवली त्याच्या आधीपासून मला ठाऊक होतं की अडचण चिखलाची नाही, माझी आहे. आप्पांना हे ठाऊक नाही, आणि कळूही देऊ नकोस. येत्या शुक्रवारी ते तुला न्यायला गाडीने नांदगावला येताहेत. सगळ्यांना फरशीचं वर्णन करतील. त्यांना करू दे, आणि त्यांच्याबरोबर ये. मी नको असेन तर त्यांना इतकंच म्हण, मावशीला थोडे दिवस कळवणला भावाकडे जाऊन येऊ दे. मी समजेन आणि तोंड वाकडं न करता निघेन. भागीआत्या तुझं सगळं करतील. डिंक, मेथ्या, अळीव डब्यांत भरून ठेवले आहेत, दुपटी शिवून झाली आहेत. आणि मी असलेली चालणार असेल, तर काहीच सांगू नकोस, नुसती ये. मला कळवणला जायचं नाही, मथुरा. तुझ्या बाळाला पहिली अंघोळ मला घालायची आहे.

तुझीच,
मावशी