पहिल्या वेच्याचं दही

२२ ऑक्टोबर २००७, संध्याकाळ

आजीची तेरवी परवा झाली आणि आज कापसाचा पहिला वेचा. भाव पडले म्हणून बोंडं फुटायची थांबतात का? दरवर्षी वेच्याआधी आजी एका झाडापाशी दहीभात ठेवायची, काहीतरी पुटपुटायची. बी.ए.च्या वर्षी मी तिच्याशी भांडले होते, दही कशाला वाया घालवतेस म्हणून. आज दह्याशिवाय वेचणाऱ्या बाया ओळीत उतरेनात. वाटी माझ्याच हाती आली. पण आजी म्हणायची काय? मी कधी विचारलंच नाही.

"मंतर नव्हता वं पोरी," शेजारची कमलाकाकू म्हणाली. "बोंडाले म्हणे, माह्या बायाइच्या बोटाले टोचू नको."

एवढंच? मी झाडापाशी दहीभात ठेवला, तेच म्हटलं. बाया कामाला लागल्या. काकू ओळीतूनच ओरडली, "तू वेचाले आली की तुही बुढी तेच दोनदा म्हणे!"