शिंपीकाकांचं औषध चालू राहिलं

प्रिय आई,

इतक्या लांबून तुझ्या नि बाबांच्या पाया पडते. आधी गोड बातमी. आमच्या कॅन्सर संशोधन केंद्राला सरकारी अनुदान मंजूर झालं!

आता सांगायला हरकत नाही. ते मिळालं नसतं, तर नव्या औषधाची चाचणी अर्ध्यावरच थांबली असती. तुझ्या जिवाला उगीच घोर नको, म्हणून बोलले नव्हते.

निरोप आला तेव्हा आमच्या मोठ्या डॉक्टरबाईंनी मला चक्क मिठी मारली. एरवी त्यांच्या चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलत नाही! मग आम्ही दोघी धावतच वॉर्डात गेलो. तिथल्या शिंपीकाकांना हे औषध छान मानवलंय, पण ते बंद होणार हे कानावर आल्यापासून त्यांनी बोलणंच टाकलं होतं.

बाई म्हणाल्या, "काका, औषध चालू राहणार."

काकांनी बाईंच्या बाहीकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "तो कोट काढा आधी. बाही उसवलीय, कधीची डोळ्यांत खुपतेय. आता शिवायला वेळ आहे मला."

बाईंनी कोट काढून दिला. अख्खा वॉर्ड सुई-दोरा शोधायला लागला. मी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले.

बाबांचा खोकला कसा आहे? आणि तुझी तपासणी? "घरातली कामं उरकली की जाते" हे आता पुरे. कामं कुठे पळून जात नाहीत. दादाला बजावलंय, तो तुला गाडीत बसवूनच नेणार आहे. माझ्यावर रुसलीस तरी चालेल, पण जा.

तुझी लाडकी,
शेंडेफळ