घरचे पॉइंट घरात

१८ मे २०२५, रविवार

१६८८! घरात सध्या हा एकच आकडा चालतो. वेदिकाला दहावीत ब्याण्णव टक्के पडले, त्याचे पेढे दोन दिवसांत संपले. हे १६८८, तिचं बुद्धिबळाचं रेटिंग, काही संपत नाही. पुण्याच्या बुद्धिबळ अकादमीची अट आहे — एक जूनच्या यादीत रेटिंग सतराशे हवं. मग तिथेच राहणं, तिथेच अकरावी-बारावी. एक जरी पॉइंट कमी पडला तर इथेच, नागपूरला.

दुर्गेशने फ्रिजवर कागद चिकटवला: 'फक्त १२!!' घोडा अडीच घरं चालतो, यापलीकडे माझ्या नवऱ्याला बुद्धिबळ माहीत नाही. पण मिहानच्या ऑफिसात दिवसभर एक्सेल भरतो, त्यामुळे पोरगीही त्याला तशीच रकान्यांत दिसते. "बारा म्हणजे काय वं नंदिनी! एका स्पर्धेचं काम!"

वेदिकाला विचारलं, जायचंय ना तुला? "हो," म्हणाली. मोबाईलमधून मान वर न काढता. हे 'हो' कसलं, कळलं नाही. पुन्हा विचारलं नाही. का नाही विचारलं?

२१ मे, बुधवार

बाहेर पंचेचाळीस. सदर भागातल्या एका मंगल कार्यालयात स्पर्धा सुरू झाली. पहिला पट स्टेजवर; नवरा-नवरीच्या लाल खुर्च्या कुणी हलवल्याच नाहीत. त्यात स्पर्धेतली सगळ्यात मोठ्या रेटिंगची दोन पोरं समोरासमोर बसली. एकाचे पाय जमिनीला टेकत नव्हते. दाराशी आईबाप असे दाटून उभे, जणू आतून आता अक्षता येणार.

मीही खेळते. पाच वर्षं दाराबाहेर डबा धरून बसले, मग म्हटलं, आत निदान कूलर तरी आहे! नाव दिलं. माझं रेटिंग १५९०. आता ते कसं, हेही इथे लिहायला हवं. मागच्या वर्षी मार्चात जागतिक संघटनेतल्या वरच्यांच्या लक्षात आलं की खालच्या सगळ्यांचे आकडे उगाच कमी दिसतात. दिले वाढवून! रात्री झोपले ती तेराशेची, सकाळी उठले तर जवळपास सोळाशे. गुडघा तसाच दुखत होता. उंट तसाच फुकट जात होता. तरी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मी तो आकडा दोघींना सांगितलाच. मी संख्याशास्त्र शिकवते! 'चूक किती असू शकते ते लिहिल्याशिवाय मोजमाप लिहू नका' — दर वर्षी पहिल्या तासाला फळ्यावर.

२२ मे

सात वर्षांच्या मुलाशी हरले. हात मिळवताना त्याने विचारलं, "आंटी, तुमचं रेटिंग किती?" सांगितलं. "इतकं?" म्हणाला.

२३ मे, शुक्रवार

दोन फेऱ्यांच्या मध्ये वेळच वेळ. माणसं बघत बसले.

ताराचंदकाका १८१०. सगळे त्यांना दबून असतात. गेल्या चार वर्षांत ते एकही डाव खेळलेले नाहीत! न खेळणाऱ्याचा आकडा खाली येत नाही, हे त्यांना वेळीच उमगलं. इस्त्रीचा शर्ट घालून प्रत्येक स्पर्धेला येतात, हात मागे बांधून प्रत्येक पटाजवळून फिरतात आणि नाक मुरडतात. मी विचारलं, काका, तुम्ही का नाही खेळत? "खेळून काय कमवायचं ताई? आहे ते जाईन!"

अंकुश बँकेत आहे. चांगला खेळतो, पण सोळाशेच्या वर जायला तयार नाही, कारण 'सोळाशेच्या आतले' असा बक्षिसाचा वेगळा गट असतो. म्हणून लहान स्पर्धांत हरतो आणि मोठ्या स्पर्धेत उगवतो. आज एक डाव इतका वाईट खेळला की समोरच्या बिचाऱ्याने दोनदा विचारलं, "दादा, तब्येत बरी आहे ना?" मी मनात म्हटलं, लबाड! पोह्यांच्या रांगेत त्याच्याशी बोलणंही टाळलं.

आणि बसण्याआधी मोबाईलवर समोरच्याचं रेटिंग बघून, हात मिळवतानाच हरून जाणारे. हा प्रकार मी स्वतः.

वेदिका कोणत्या प्रकारातली? लहानपणी खेळताना तिच्या जिभेचं टोक बाहेर यायचं, समोर कोण बसलंय याचं भान नसायचं. आता प्रत्येक खेळीनंतर दाराकडे बघते. दारात दुर्गेश. तो दोन बोटं दाखवतो, तीन दाखवतो. कशाचे इशारे, देव जाणे. त्याला तर डाव कळतही नाही!

२४ मे, शनिवार

आठ फेऱ्या झाल्या. वेदिका होती तिथेच. जेवढे मिळवले तेवढे गमावले. चार दिवसांचा घाम, बेरीज शून्य.

संध्याकाळी शेवटच्या फेरीची यादी लागली. पट सतरा. वेदिका पांढरी. समोर — मी!

मी पंच गुंजन मॅडमकडे धावले. म्हटलं, अहो, ही मुलगी आहे माझी. त्या चहा पीत होत्या. "मॅडम, जोड्या कॉम्प्युटर लावते. कोण कोणाची माय, त्याले काय समजते?"

घरी दुर्गेश आनंदाने लाल. कागदावर मांडून दाखवलं. "हे पाह्य. पोरगी जिंकली तं तिचे चौदा वाढतात. लहान पोरांचा हिशोब डबल राहते ना! तुझे सातच जातात. म्हणजे घरात सात नफा! वरून सतराशे पार. घरचे पॉइंट घरात!"

ही फसवणूक आहे, म्हटलं.

"कोणाची वं? कोणाले फसवून राहिली तू? माय पोरीले घास भरवते, त्यात कायची फसवणूक?"

"मी नाही हरणार मुद्दाम."

"मंग पोरीचं पुणं तुझ्याच हातानं गेलं म्हणून समज."

मी ताठ मानेने स्वयंपाकघरात आले. दहा मिनिटं फार बरं वाटलं. मग पोळी लाटताना एक विचार आला आणि पोळी फाटली. मी प्रामाणिकपणे खेळले आणि जिंकले, तर वेदिका इथेच राहील. माझ्याजवळ. आणि मला तेच हवंय! मग हा प्रामाणिकपणा कुठून आला? तत्त्वातून, की तिच्या रिकाम्या खोलीच्या भीतीतून? खरं खेळावं तर त्यात माझा स्वार्थ. हरावं तर लबाडी, पण लेकीच्या भल्याची. अंकुशला लबाड म्हणणं किती सोपं होतं.

जेवताना वेदिका म्हणाली, "आई, उद्या खरं खेळशील हं. पूर्ण." हो म्हटलं. पोर किती सरळ आहे! मान वर करून बघवेना तिच्याकडे.

२५ मे, रविवार

हरले.

मुद्दाम. शाईने लिहून ठेवते, म्हणजे उद्या मलाच दुसरं काही सांगता येणार नाही.

बसेपर्यंत ठरलं नव्हतं. समोर तिने केस मागे बांधले, घड्याळाकडे बघितलं, आणि माझ्या मनात आलं — ही गेली तर संध्याकाळी मी कुणासाठी घरी येणार? तेवढ्यात ठरलं. जो डाव मला स्वतःसाठी जिंकायचाय, तो जिंकायचा नाही.

पण हरणं इतकं कठीण असेल असं वाटलं नव्हतं! गुंजन मॅडम दोनदा येऊन उभ्या राहिल्या. सरळ डाव सोडून दिला तर कुणालाही कळलं असतं. मी एक हत्ती उघड्यावर ठेवला. वेदिकाने खूप वेळ विचार केला आणि घेतला नाही. उलट तिने वजीर आणून माझ्या प्याद्याच्या तोंडी दिला! मला वाटलं, बलिदान असेल, मागे काही मोठी योजना असेल. आणि नसली तरी मला कुठे घ्यायचा होता? घोडा भलतीकडे नेला. तिने पुन्हा वजीर पुढे केला. मी पुन्हा नाही घेतला. भोवती गर्दी जमली. ताराचंदकाकांचा श्वास माझ्या कानाशी. "काय डेरिंग आहे पोरीची!"

शेवटी माझा राजा थोडा अडचणीत दिसला. थोडाच. मी घाईने हार मानून हात पुढे केला. वेदिकाचा हात येईना. पटाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मला तिचा हात धरून मिळवावा लागला.

हॉलबाहेर ती स्कूटीजवळ उभी राहून रडली. पाच दिवसांचा ताण, दुसरं काय! दुर्गेश तिच्या पाठीवर थोपटत होता आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होता. त्या डोळ्यांचा मला फार राग आला.

वर कहर म्हणजे आमच्या डावाला 'सर्वोत्कृष्ट डाव' म्हणून बक्षीस! एक भिंतीवरचं घड्याळ. निवड ताराचंदकाकांची. कुणीतरी म्हणालं, कॉम्प्युटरच्या मते तर दोघीही चुकाच चुका करत होत्या. काका म्हणाले, "कॉम्प्युटरले सौंदर्य काय समजते?" टाळ्या! अंकुश लांबूनच हसला. ओळखीचं हसला.

१ जून, रविवार

यादी आली. वेदिका १७०२. दुर्गेशने अख्ख्या बिल्डिंगला संत्रा बर्फी वाटली. पोरगी आता सतराशेची आहे, अकादमीलाही पटलंय, दोन ओळींचं अभिनंदन आलंय. हा आकडा कशाचा बनलाय, ते यादीत लिहिलेलं नसतं. जिंकलेला पॉइंट आणि दिलेला पॉइंट, दोन्ही सारखेच छापतात.

तिचं भलं झालं ना? झालं. मग लिही आणि मिटव.

बर्फी वेदिकाने खाल्ली नाही. उन्हाने तोंडाची चव गेली असेल.

१३ जून, शुक्रवार

उद्या पुण्याची गाडी.

बॅगेत कपडे कोंबता कोंबता वेदिका म्हणाली, "आई, त्या दिवशी मी तुला दोनदा वजीर दिला. घेतला काहून नाही?"

मी म्हटलं, मला हरायचं होतं गं.

ती बॅगेची चेन लावत होती. ती लागेना.

"मले पण," म्हणाली.