बेचाळीस शाळा आणि नऊ खोटी वये

मी, खाली सही करणारी, वय एक्याऐंशी, निवृत्त मुख्याध्यापिका, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या पश्चातची व्यवस्था लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा धाकटा भाऊ तो मागणारच.

१. राहत्या घराच्या दोन्ही खोल्या शाळेच्या निवृत्त शिपाईबाईंना द्याव्यात. दोरखंडाच्या कारखान्यामागच्या गोदामात पहिली शाळा भरली, तेव्हा झाडायला त्या आणि शिकवायला मी, एवढाच स्टाफ होता. आज शाळा मंडळाच्या बेचाळीस शाळा आहेत.

२. पुस्तके, नकाशे आणि पृथ्वीचा गोल सात नंबरच्या शाळेला द्यावा. मंडळाचा प्रमुख म्हणून भावाचा फोटो भिंतीवर लावायला तिथल्या मुख्याध्यापकांना अजून सवड झालेली नाही.

३. मंडळाने छापलेला पन्नास वर्षांचा इतिहास रद्दीत घालावा. त्यात पान अकरावर भावाने लिहिले आहे की, पहिल्या शाळेचा पट तत्कालीन मुख्याध्यापिकेने फुगवला आणि तो घोळ पुढे त्याने निस्तरला. फुगवला हे खरे. पटावर चाळीस मुले असली तरच मंजुरी आणि दुसरा शिक्षक मिळणार होता. मुले होती एकतीस. दुसरा शिक्षक म्हणून मी भावाचेच नाव सुचवले होते. चार-चार वर्षांची नऊ मुले सहाची दाखवायची युक्ती त्याची.

"ताई, तू फक्त सही कर. पोरं काय, वाढतातच," म्हणाला. मी सही केली. त्या सहीवर शाळा उभी राहिली, एकीच्या पाच झाल्या, पुढे बेचाळीस, आणि भाऊ मंडळाचा प्रमुख झाला. पुस्तक घेऊन मी त्याच्या दारात गेले तेव्हा म्हणाला, "कुणाचं तरी नाव घालावंच लागलं. तू काय, आता घरीच असतेस."

ज्याला हाताला धरून वर आणले त्यानेच मला तोंडघशी पाडले. ते मला फार लागले, अजून लागते. माझ्या शोकसभेत त्याला बोलू देऊ नये. यायचे तर यावे आणि मागच्या रांगेत बसावे.

४. पहिल्या शाळेची मूळ प्रवेशवही हरवली असे मंडळ सांगते. ती माझ्या कपाटात, चादरींच्या खाली आहे. वकिलांनी ती भावाच्या मुलीच्याच हातात द्यावी. नऊही नोंदी तिच्या वडिलांच्या अक्षरात आहेत, ते अक्षर ती ओळखते. वहीचे काय करायचे ते तिने ठरवावे. नववी नोंद तिची आहे.

पोरी, तू रांगत होतीस तेव्हाच तुझी आई गेली, त्यामुळे तुझे खरे वय आम्हा दोघांनाच माहीत होते. पहिलीत तू दोनदा नापास झालीस आणि ढ म्हणून शिक्का बसला तो बसलाच. चौथीनंतर बापाने तुला शिवणयंत्रावर बसवले. आजवर तू त्याच्या शाळांचे गणवेश शिवतेस. त्याने मला फसवले हे मी गावभर सांगत सुटले. तुला आम्ही दोघांनी फसवले, हे मात्र कोणाला बोलले नाही. तू ढ नव्हतीस. वर्गातली बहुतेक मुले सहा-सात वर्षांची होती आणि तू चारची.

हे सर्व मी स्वतः लिहिले, वाचले आणि साक्षीदारांसमोर सही केली.

लिहून देणार: पहिल्या शाळेची पहिली मुख्याध्यापिका (सही)
साक्षीदार: १. निवृत्त शिपाईबाई यांची भाची, परिचारिका (सही) २. डॉक्टर (सही)
ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ४ ऑगस्ट