मुसळाचा कणा

माघ शुद्ध ३, शके १७८५

रहाट मोडला! घागर निम्म्यावर आली आणि कडकन आवाज झाला — लाकडी कणा दुभंगला, दोर-घागर सगळं विहिरीत. परसातल्या केळी माना टाकून उभ्या. दादा नत्थुजी सुताराकडे जाऊन हात हलवत परत आला. नत्थुजी म्हणाला म्हणे, "पंत, गाड्या करून राहिलो. कापूस वाहाले गाड्या पुरत नाहीत. होळीपरेंत मले सवड नाही." अमेरिकेत लढाई, म्हणून इथल्या कापसाला भाव, आणि अमरावतीत आम्हांला पाणी नाही.

बाळापूरहून दिरांचा निरोपही आजच आला. माघ सरला की गाडी घेऊन येतो, अनसूयेला तयार ठेवा. घरात माणसं वाढलीत, स्वयंपाकाला बाई हवी.  हे गेल्यावर दादानेच मला तिथून आणलं होतं. त्या चुलीची मला अजून धास्ती आहे.

माघ शुद्ध ४

मोडका कणा गोठ्यात नेऊन पाहिला. नुसतं एक गोल लाकूड! एवढंच?

माघ शुद्ध ५

मुसळ रहाटाच्या भोकात घालून बघितलं. थोडं जाड. मग गोठ्यात विळीवर बसून ते तासायला घेतलं. नेमकी सिंधूवहिनी आली.

"वन्सं, मुसळ कुणी चिरतं का?"

मी काय सांगणार! सांगायला तोंड उघडलं आणि हसूच फुटलं. वहिनीही मटकन खाली बसून हसायला लागली. मग तिनेच दुसरं टोक धरलं.

माघ शुद्ध ६

बसलं नाही. फार तासलं गेलं, लटपटतं. जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळून पाहिली — ती फाटली. विळीची धार गेली ती गेलीच. आमटीतला भोपळा आज हातानेच मोडला.

माघ शुद्ध ८

फिरला! गळ टाकून दोर-घागर वर काढली, चिंधीऐवजी चामड्याचा तुकडा घातला, वर एरंडेल सोडलं, आणि रहाट असा फिरला की मी विधवेचं आलवण खोचून ओढतच राहिले. केळींना दोनदा पाणी. मोगऱ्याला पाणी. गोठा धुतला. कोरडी घंगाळंसुद्धा भरून ठेवली. वहिनी म्हणाली, "पुरे आता, विहीर आटेल."

दादा संध्याकाळी हात धुताना म्हणाला, "नत्थुजीने सवड काढली वाटतं."

वहिनी पटकन म्हणाली, "हो. येऊन गेला."

मी भाकरीचं पीठ मळत होते. मान वर केली नाही.

माघ शुद्ध ११

उपास. तरी कोठीचं कुलूप उघडून साफ केलं आणि जात्याचा खुंटा ठोकून बसवला. ठोकण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून वहिनी मोठमोठ्याने आरती म्हणत होती. भर दुपारी!

माघ शुद्ध १३

दूध घालणारी मैनाबाई आज परसदारी चरखी घेऊन उभी. कापसातली सरकी काढायची चरखी, तिच्या लाटण्यासारख्या दोन लाटांपैकी एक झिजलेली.

"बाई, मले सांगू नोका नत्थुजीचं. रहाटाले तुमीच हात लावला, म्या कुंपणाआडून पाह्यलं. बाजारात कापूस चढून राहिला अन् मायी चरखी बंद. पाहा ना जरासक."

नाही म्हणावं असं वाटलंच नाही. चूक वाटली नाही. भीती वाटली, पण हातांना नाही.

माघ पौर्णिमा

चरखी चालली! बाभळीची नवी लाट. इकडे सरकी टपटप, तिकडे रुई — पांढरी, हलकी, नाकात गेली आणि मी शिंकत हसत होते.  मैनाबाईने माझ्या दोन्ही हातांवरून हात फिरवले आणि कानशिलांवर बोटं मोडली. आता तिच्या जावेची चरखी यायची आहे.

माघ वद्य ४

फजिती. नत्थुजी कज्ज्याच्या कामाला दादाकडे आला आणि दादाने रहाटाबद्दल त्याचे आभार मानले.

"कोनता रहाट, पंत?"

दोघे परसात गेले. मी आणि वहिनी दाराआड, एकमेकींचे हात धरून. नत्थुजीने रहाट फिरवला. "माया हातचा नाही," म्हणाला. "पक्का हाय पन."

तो गेल्यावर दादा तिथेच उभा. मग त्याने घागर सोडली, ओढली, पाणी केळीत ओतलं. पुन्हा सोडली. पुन्हा ओढली. पागोटं घातलेला वकील!

"कणा कशाचा, अनसूये?"

"मुसळाचा."

"मग कांडता कशाने?"

वहिनी दाराआडूनच म्हणाली, "शेजारच्या मुसळाने."

दादा इतका हसला की पागोटं सावरावं लागलं.  बाळापूरचं मात्र मला विचारवलं नाही.

माघ वद्य १२

माझं बोचकं बांधून ठेवलं. वहिनीने ते सोडलं. मी परत बांधलं.

फाल्गुन शुद्ध २

दिरांची गाडी आमच्या दारातच कलंडली. चाक धरणारी खीळ तुटली होती. गावात सुतार मिळेना. दादाने सगळ्यांसमोर मला ओसरीवर हाक मारली, "अनसूये, जरा बघ गं." मी बाभळीची खीळ तासली, ठोकली, चाक फिरवून पाहिलं. दीर बघत होते. मग दादा त्यांना म्हणाला, "गाडी तयार आहे, रावसाहेब. बसा. तिला आता इथंच काम आहे."

गाडी गेली. बोचकं वहिनीने सोडलं.